फॉर्मवर राहून गेलेली गोळी

बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी ३१ वर्षं इन्स्पेक्शनला काढली. कास्टिंग, म्हणजे ओतून घडवलेला लोखंडी नग, टेबलावर आलं की आधी हातोडीनं टिचकी मारायची. चांगला नग घंटेसारखा वाजतो, आत भेग असली की भद्द आवाज येतो. मग टॉर्च, मग कॅलिपर, मग शिक्का. पास, नाही तर रिजेक्ट. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो, आता टिचक्या मारायला नकोत. दोनच वर्षांत पाळी उलटली. जर्मनीला जायचं ठरलं आणि टेबलावर मीच आलो.

थोरली स्टुटगार्टजवळ असते. २०२४ च्या जूनअखेरीला तिचं दुसरं बाळंतपण होतं. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही दोघांनी तिच्याकडं राहायचं ठरलं. माझं वय तेव्हा ६२. साखर १७ वर्षांची, तिच्या मागोमाग आलेलं बीपी, आणि २०१८ मध्ये बसवलेला एक स्टेंट. सौ.चं वय ५८, आणि तिचं ठरलेलं वाक्य, "मला काय झालंय?" हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

जर्मनीला जायला शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. त्याला प्रवास विमा सक्तीचा आहे. किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मुक्कामाचे सगळे दिवस धरलेला. तातडीचे उपचार, इमर्जन्सीतला दवाखाना, आजारपणामुळं मायदेशी परत आणायची वेळ आली तर तो खर्च आणि मृत्यू, एवढं त्यात असलं की व्हिसावाल्यांचं समाधान होतं. तुमची साखर किती, स्टेंट आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आणि घोळ इथंच सुरू होतो. खडेबाजारात एक एजंट आहे, ओळखीतलाच पोरगा. त्याच्याकडं गेलो तर तो चहा मागवून म्हणतो, "काका, डायबेटिस-बिबेटिस काय लिहीत बसू नका की. व्हिसावाले ते बघतच नाहीत. निल टाकतो, दहा मिनिटांत पॉलिसी व्हॉट्सॲपवर." मी म्हटलं, आणि स्टेंट? "तो काय दिसतोय काय बाहेरून?"

पोरगा खोटं बोलत नव्हता. व्हिसा खरंच मिळाला असता. त्याच्या हिशेबात पॉलिसी हा व्हिसाच्या फाइलीत लावायचा एक कागद होता, फोटो आणि बँक स्टेटमेंटसारखा. मला ती माझ्या छातीसाठी हवी होती. दोन्ही गोष्टींना एकच नाव आहे म्हणून माणसं फसतात.

आमच्या धंद्यात याला पुट्टी म्हणतात. कास्टिंगला ब्लो-होल आलं, म्हणजे ओतताना गॅस आत अडकून पोकळी राहिली, की काही कारखान्यांत रात्रपाळीला एक माणूस लोखंडी पुट्टी घेऊन बसतो. भोक भरतो, ग्राइंडर फिरवतो, वरून रेड ऑक्साइड मारतो. नग देखणा दिसतो. ट्रकमध्ये चढतो, गिऱ्हाइकाकडं पोचतो, बिलसुद्धा पास होतं. मग एके दिवशी तो मशीनवर चढतो, टूल त्या जागी येतं, आणि पुट्टी उडून पडते. तेव्हा एक नग परत येत नाही, अख्खा लॉट परत येतो.

प्रवास विम्यात क्लेम म्हणजे मशीनिंग. फॉर्म भरताना कुणी टूल लावत नाही. तुम्ही निल लिहा, कंपनी हप्ता घेऊन मोकळी. आजारी पडल्यावर मात्र ते तुमच्या गावच्या डॉक्टरकडून जुने कागद मागवतात. आणि कागद नाही मिळाले तरी त्यांचं अडत नाही, कारण तुम्ही स्वतःच सगळं सांगून टाकलेलं असतं. हे मला निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यामुळं कळलं. गृहस्थ ओळखीचे. दुबईला मुलाकडं गेले होते. फॉर्मवर निल. तिथं एका पहाटे डाव्या हाताला मुंग्या आल्या, तोंड वाकडं झालं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, काही गोळ्या घेता? आता छातीवर मशीन लावलेलं असताना कोण खोटं बोलतो हो? ते म्हणाले, दहा वर्षं बीपीची गोळी आहे, मध्ये सहा महिने बंद केली होती. डॉक्टरनं ते ॲडमिशन नोटमध्ये लिहिलं. कंपनीनं तेवढी एक ओळ काढून क्लेम नाकारला. जीव वाचला, पण गडहिंग्लज रोडचा प्लॉट गेला.

मी त्यांना म्हटलं होतं, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूला विमा लोकपालाकडं जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. ते म्हणाले, "जाऊन सांगू काय? मी लपवलं म्हणून?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जाणारी आमची आठ-दहा जणांची टोळी आहे. तिथं साखर, गुडघे, कॉर्पोरेशन आणि एकमेकांचे जावई, या चार विषयांवर सगळे तज्ज्ञ. एप्रिलात एकानं पेपर आणला. विमा नियामकानं नियम बदलले होते. आधीपासूनच्या आजारासाठी पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने थांबावं लागायचं, ते ३६ महिन्यांवर आलं. पूर्वी आठ वर्षं पॉलिसी सलग चालवल्यावर कंपनीला ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणता येत नसे (उघड फसवणूक सोडून), ते पाच वर्षांवर आलं. हे वाचून टोळीनं निकाल दिला, "लक्ष्मणराव, तुमचं काम झालं. स्टेंटला सहा वर्षं झाली."

नाही झालं. तो नियम आपल्या घरच्या मेडिक्लेमचा. जी पॉलिसी तुम्ही वर्षानुवर्षं चालवता, तिच्यात तीन वर्षं थांबण्याला अर्थ आहे. प्रवास विमा असतो ८० दिवसांचा. त्यात ३६ महिने कुठून मोजणार? तिथं सरळ प्रश्न असतो, हा आजार धरलाय की वगळलाय, आणि धरला असेल तर किती रकमेपर्यंत. दुसऱ्यानं विचारलं, मग घरचा मेडिक्लेम आहे की तुमचा, तो नाही चालत? माझी पॉलिसी काढून बघितली. भारतातले उपचार, एवढंच. बहुतेकांची तशीच असते, एकदा उघडून बघा.

तर मी एजंटाचा चहा पिऊन घरी आलो आणि कंपन्यांचे फॉर्म स्वतः भरायला बसलो. पहिल्या कंपनीला सगळं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर, दिलगीर आहोत. एका ओळीत रिजेक्ट. खरं सांगतो, वाईट वाटलं. ३१ वर्षं मी लोकांचे नग असेच एका शब्दात परत पाठवले होते, कधी त्या नगाला काय वाटत असेल असं मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या कंपनीनं ईसीजी मागवला, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट मागवला, फॅमिली डॉक्टरांकडून भरून आणायचा दोन पानी फॉर्म पाठवला आणि २०१८ चा डिस्चार्ज कागद मागितला. मला बरं वाटलं. टिचकी मारून बघतायत म्हणजे घ्यायचा विचार आहे.

आता तो डिस्चार्ज कागद. २०१८ च्या मेमध्ये आम्ही मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला गडहिंग्लजला होतो. जेवणाच्या पंगतीतच छाती भरून आली. मेहुण्यानं गाडी काढली आणि कोल्हापूर गाठलं. अँजिओप्लास्टी तिथंच झाली. म्हणजे मी राहतो कर्नाटकात, फॅमिली डॉक्टर बेळगावातल्याच शहापुरात, हृदयाचे कागद महाराष्ट्रात. सीमाभागातल्या निम्म्या घरांची हीच गत. मूतखडा बेळगावात, गुडघा मिरजेला, डोळे कोल्हापूरला, आणि फाइल कुठल्या तरी ट्रंकेत. आमच्या ट्रंकेत कोल्हापूरच्या फाइलीतला फक्त बिलाचा कागद निघाला. सौ.नं लग्नाची पत्रिका मात्र जपून ठेवली होती.

एका बुधवारी सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला गेलो. दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कधी कशावरून गाड्या अडतील सांगता येत नाही, त्यामुळं आमच्याकडं असल्या कामाला निघताना आदल्या दिवशी पेपर वाचून निघतात. त्या दिवशी नाका शांत होता. दवाखान्यात रेकॉर्डच्या माणसानं दीड तास शोधून कागद काढला. आणि त्यावर माझं नाव चुकलेलं. चुकलेलं म्हणजे, पासपोर्टात आणि आधारवर माझ्या नावातला ‘क्ष’ इंग्रजीत के-एस-एच असा आहे, कारण इकडं कन्नडवरून इंग्रजी करताना तसंच करतात. कोल्हापुरात त्यांनी आपल्या सवयीनं एक्स लावून टाकला होता. आडनावात एक ‘ई’ जास्त. पत्त्यात ‘बेळगाव’, पासपोर्टात ‘बेळगावी’. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण पंगतीतून उचलून नेलेल्या माणसाच्या मेहुण्यानं काउंटरवर जे सांगायचं तेच सांगितलं.

परदेशातल्या कुणा माणसाला हे तीन फरक दिसले तर तो म्हणणार, ही तीन वेगळी माणसं. इकडं आम्ही हसून सोडून देतो, कारण प्रत्येकाच्या घरी रेशनकार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरं नाव असतंच. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकानं हरकत घेतली, तेव्हाही आमच्या गल्लीत पहिली चर्चा झाली ती हीच, की नाव कुठल्या कागदावरचं धरणार?

शहापूरच्या आमच्या डॉक्टरांनी यावर तोडगा काढला. त्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र दिलं. दोन्ही स्पेलिंगं लिहिली, ही एकच व्यक्ती आहे आणि मी तिला २००७ पासून तपासतो असं लिहिलं, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर टाकला. खाली आजार, कधीपासून, आता काय स्थिती. आणि गोळ्या लिहिल्या त्या मूळ औषधाच्या नावानं. हे महत्त्वाचं आहे. आपण ज्या नावानं मेडिकलमध्ये गोळी मागतो ते कंपनीचं नाव, ते तिकडच्या दुकानदाराला समजेलच असं नाही. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अटोरवास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल असं लिहिलं की जगात कुठंही वाचता येतं. डॉक्टरांचं अक्षर वाचता येईना म्हणून त्यांच्या कंपाउंडरनं टाइप करून दिलं, हेही नशीबच.

शेवटी त्या कंपनीनं घेतलं. हप्ता साध्या पॉलिसीच्या जवळपास दुप्पट, आणि वर एक अट. आमच्या कारखान्यात असल्याला ‘डेव्हिएशन’ म्हणत. म्हणजे नगात दोष आहे, पुरवठादारानं लेखी कळवलाय, गिऱ्हाइकानं बघून, किंमत ठरवून, लेखी स्वीकारलाय. असा नग पुढं मशीनवर काही झालं तरी परत येत नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं. माझ्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर साखर, बीपी, स्टेंट अशी तिन्ही नावं छापून आली तेव्हा मी ते पान सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, "एवढे आजार छापून आल्यावर कुणाला आनंद होतो काय?"

पण अट नीट वाचा, कारण ‘आधीचे आजार कव्हर आहेत’ एवढं वाक्य ऐकून माणूस झोपतो. माझ्या पॉलिसीचा एकूण आकडा एक लाख डॉलर होता. आधीच्या आजारांसाठी त्यातले दहा हजार, तेही जिवावर बेतलं तरच. हार्ट अटॅक आला, तर स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळणार. स्थिर झाल्यावर ‘आता इथंच बायपास करून घेतो’ म्हणालात तर नाही. नेहमीची तपासणी नाही, संपलेल्या गोळ्या नाहीत, डॉक्टर नको म्हणत असताना प्रवास केला तर नाही, उपचारासाठीच गेलात तर अजिबात नाही. शिवाय प्रत्येक क्लेममधले पहिले १०० डॉलर आपले. काही पॉलिसींत साठीच्या पुढच्यांना खोलीचं भाडं, आयसीयू, सर्जनची फी अशी एकेका गोष्टीची वेगळी मर्यादा असते, ती मागच्या पानावर बारीक अक्षरात सापडते. मी भिंग घेऊन बसलो होतो. सवय आहे.

दहा हजार डॉलरमध्ये तिकडं किती दिवस निघतील याचा हिशेब जावयानं फोनवर सांगितला. मी विषय बदलला. पण निदान किती उघडं आहे आणि किती झाकलेलं, हे माहीत होतं. निघायच्या आधी आम्ही दोघांनी बसून ठरवलं, त्यावरचा खर्च आला तर कुठली ठेव मोडायची. असलं बोलणं अशुभ म्हणून सौ. मध्येच उठून देवघरात गेली.

व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरूला जावं लागलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढताना त्या साइटनं विचारलं, विमा हवा का, ४५ पैसे. इतके दिवस फॉर्म भरून वैतागलेला मी, तिथं एक टिक केली आणि झालं. आजार विचारला नाही, वय विचारलं नाही. दहा लाखांचा विमा! पण तो रेल्वे अपघाताचा. गाडी रुळावर आणि पॅसेंजरचं हृदय रुळाखाली, असं झालं तर त्यात पैसा नाही.

सामानाचं एकच सांगतो. मला रात्रीचं इन्सुलिन आहे. ते हातातल्या पिशवीतच ठेवायचं, खाली टाकायच्या बॅगेत नाही, तिथं गोठलं तर कामातून जातं. गोळ्या पाकिटातून न काढता, मूळ पट्ट्यांत, चिठ्ठीसकट. जर्मनीत स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधं नेता येतात, आमचा मुक्काम त्यात बसत होता. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं, तेव्हा इन्सुलिनची वेळ कशी सरकवायची हे डॉक्टरांना विचारून लिहून घेतलं होतं. लिहून घेतलेला कागद खालच्या बॅगेत गेला. पोचल्या रात्री साखर ५८ वर आली, दरदरून घाम, थोरलीनं साखरेचं पाणी पाजलं. त्या ८० दिवसांत माझ्या बाजूनं एवढंच. स्टेंटनं मान राखला.

पडली सौ.

जूनची १४ तारीख. थोरलीला नववा महिना. आदल्या रात्रभर पाऊस. चर्चसमोरच्या दगडी फरसबंदीवरून दूध आणायला जाताना हिचा पाय सटकला आणि डावा हात खाली आला. मनगट लगेच सुजलं. जावयाच्या घरी फ्रिजवर तीन नंबर लावलेले होते, ११२ जिवावर बेतलं तर, ११६११७ दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर, आणि तिसरा आमच्या विमा कंपनीच्या मदत केंद्राचा. तिसरा मी लावायला सांगितला होता. दवाखान्यात पाय ठेवायच्या आधी किंवा लगोलग त्यांना कळवायचं, क्लेमचा नंबर घ्यायचा, नाही तर पुढं वाद. जावयानं गाडीतूनच फोन केला. सगळं माझ्या कागदाप्रमाणं चाललं होतं.

एक्स-रे झाला, हाड मोडलेलं, पण जागेवर. प्लास्टर घालणारी डॉक्टरीण तरुण होती. तिनं विचारलं, रोजची काही औषधं? थोरलीनं मराठीत भाषांतर केलं. आणि सौ. शांतपणे म्हणाली, "सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची. पंचाहत्तरची."

मी शेजारीच उभा होतो. ती गोळी मी १२ वर्षं रोज बघत होतो. पहाटे साडेपाचला ती पाण्याबरोबर घेते, मग अर्धा तास चहा घेत नाही, त्या अर्ध्या तासात मी चहासाठी थांबतो. आणि फॉर्मवर ‘नियमित घेत असलेली औषधं’ या रकान्यात तिच्या नावापुढं मी स्वतःच्या हातानं ‘नाही’ लिहिलं होतं. लपवायचं म्हणून नाही. थायरॉइडची गोळी म्हणजे आजार, असं डोक्यातच आलं नाही. साखर म्हणजे आजार, बीपी म्हणजे आजार, स्टेंट तर हिरोच. बायकोची गोळी म्हणजे घड्याळाला किल्ली देतात तशी एक गोष्ट. एजंटाला पुट्टीवरून मनातल्या मनात नावं ठेवणाऱ्या माणसानं हा नग न वाजवताच पास केला होता.

डॉक्टरिणीनं ते टाइप केलं. मला निपाणी आठवली.

बिल ४६० युरोंचं झालं, ते जावयानं भरलं. कागद कंपनीला पाठवल्यावर पाचव्या दिवशी मेल आला. थायरॉइड कधीपासून, फॉर्मवर का लिहिलं नाही, आणि पडण्याआधी चक्कर आली होती का? तिसरा प्रश्न खरा होता. चक्कर येऊन पडली असेल, आणि चक्कर थायरॉइडमुळं आली असेल, तर पडणं हा आजाराचा भाग. नुसता पाय सटकला असेल तर अपघात. थोरली म्हणाली, बाबा, नीट शब्द वापरून लिहूया. मी म्हटलं, शब्द नकोत. जे आहे ते लिहिलं. गोळी २०१२ पासून आहे, लिहायची राहिली ती माझी चूक, चक्कर नव्हती, फरशी ओली होती.

२०१२ ची चिठ्ठी हवी होती. पुतण्याला फोन केला, घराची किल्ली त्याच्याकडं असते. म्हटलं, तुझ्या काकूची औषधांची कागदं कुठं आहेत बघ. कपाटात नाहीत, माझ्या फाइलीत नाहीत. माझी फाइल निळी, लेबल लावलेली, पारदर्शक कप्प्यांची. शेवटी सौ.नंच प्लास्टरमधल्या हातानं फोन धरून सांगितलं, "फडताळात वरच्या फळीला कुंद्याचा जुना डबा आहे बघ, त्यात." मिठाईच्या त्या पत्र्याच्या डब्यात तिची सगळी चिठ्ठ्या-रिपोर्टांची चवड होती. वरती रबरबँड. पुतण्यानं फोटो पाठवले.

तीन आठवडे काही कळलं नाही. तेवढ्यात नात झाली, तिच्या बारशाची गडबड, एका हातानं सौ. काय काय करत होती. मग पत्र आलं, पडण्याचा आणि थायरॉइडचा संबंध दिसत नाही, १०० डॉलर वजा करून बाकीचे देत आहोत. खाली एक ओळ, यापुढं संपूर्ण माहिती द्यावी. कंपनीनं वाद घातला असता तर मला बोलायला फारशी जागा नव्हती. मनगट मोडलं म्हणून सुटलो. रात्री छाती धडधडली म्हणून तिला नेली असती, तर ती गोळी आणि ती धडधड एका ओळीत बसवायला कुणाला कष्ट पडले नसते.

परत आल्यावर व्हॅक्सिन डेपोला मी हे सांगितलं, तेव्हा टोळी गप्प झाली. मग एकेक जण बोलायला लागला. एकाच्या बायकोची अर्धशिशी, एकीचं गर्भाशय काढलेलं, एकीच्या कंबरेत दरवर्षी इंजेक्शन. दहा पुरुषांपैकी स्वतःच्या साखरेचा आकडा दहांना पाठ. बायकोच्या गोळीचं नाव सांगा म्हटलं तर दोघांना आलं, त्यातला एक निवृत्त फार्मासिस्ट.

आता या मेमध्ये धाकटीकडं, सिंगापूरला जायचं चाललंय. तिथं व्हिसाला विमा मागत नाहीत म्हणे, तो एजंट पोरगा परवा भेटला तेव्हा म्हणाला, "काका, यावेळी सुटलात बघा." मी म्हटलं, यावेळी तर दोन काढायच्यात, नीट.

काल रात्री जेवणं झाल्यावर सौ.ला समोर बसवलं. कोरा कागद घेतला, वरती तिचं नाव लिहिलं, पासपोर्टातलं स्पेलिंग बघून. ती म्हणाली, थायरॉइड लिहिलंत ना, झालं. मी म्हटलं, सुरुवातीपासून सांग. ती हसली. मग कुंद्याचा डबा काढून आणला आणि एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवायला लागली. गुडघा २०१९. एकदा कानाचं. २००९ मध्ये माझी नाइट शिफ्ट होती त्या महिन्यात रक्त फार गेलं म्हणून ती बहिणीबरोबर जाऊन दोन दिवस ॲडमिट होऊन आली होती. मला सांगितलं होतं, बहिणीकडं वडगावला चाललेय.

मी पेन खाली ठेवलं.

"तेही लिहायचं काय?" तिनं विचारलं.

"सगळं."

"मग अजून एक कागद घ्या."